खड्डा वैशाखात, रोप आर्द्रात

मी नेरुळला राहते, पाम बीच रस्त्याजवळच्या एका सोसायटीत. आवारातली झाडं गेली बारा वर्षं मी सांभाळते. मेच्या शेवटी वळवाची एखादी सर आली की शेजारणी विचारतात, "काकू, आता लावायचं का झाड?" मी म्हणते, आता खड्डा तयार आहे का ते बघा. झाडाला अजून वेळ आहे.

ही घाई मी 2023 साली केली होती. मृग लागला, एक सर झाली, मातीचा वास सुटला आणि मी बकुळीची तीन रोपं लावून टाकली. त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत पोचला 25 जूनला. माती वरून ओली दिसत होती, पण वीतभर खाली कोरडी ठाक. दोन रोपं गेली. 2025 साली उलटं झालं. पाऊस 26 मेलाच आला, म्हणजे नेहमीच्या 11 जूनच्या सोळा दिवस आधी, आणि मग जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्यानं दडी मारली. नुसती तारीख धरून बसलं तर दोन्ही वर्षी फसगत होते.

म्हणून मातीलाच विचारायचं. पहारीनं फूटभर खोल भोक पाडा आणि तळाची मूठभर माती उचला. मुठीत दाबल्यावर लाडू वळला आणि बोटानं टोचताच फुटला, तर लावायला हरकत नाही. भुरभुरली तर थांबा. बोटांना चिकटून राहिली तर उघडीप मिळेपर्यंत थांबा. चांगला आठ-दहा दिवस पाऊस लागला की हे जमतं, आणि ते बहुतेक आर्द्रा नक्षत्रात, म्हणजे 21-22 जूननंतर. माझ्या सासूबाई गुहागरच्या. मृगात भाताची पेरणी, पण झाडांसाठी त्या आर्द्रा-पुनर्वसूची वाट बघायच्या. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी 1950 साली सुरू केलेला झाडं लावण्याचा वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो, तो आपल्या कोकणपट्टीला अगदी जुळतो.

खड्ड्याचं काम मात्र वैशाखातच. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. महिनाभर ऊन खाऊ द्या. उघडी पडलेली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, साळुंक्या टिपून नेतात. खणताना वरची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला ठेवा. पावसाआधी वरच्या मातीत दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरा. पहिल्या पावसात माती खाली बसते, मग वरून भर घालता येते. त्याच दिवशी खणून त्याच दिवशी लावलं की महिन्यात रोपाभोवती खळगा होतो आणि त्यात पाणी साचून मुळं कुजतात.

नवी मुंबईत हे साचणं फार जपायला लागतं. आमच्याकडे वर भरावाचा मुरूम आणि खाली खाडीकडची चिकण माती. जुलैत पाण्याला जायला वाट नसते. अशा जागी रोप सपाटीपासून वीतभर उंचवट्यावर लावा. खारी हवा, खारी माती असेल तर करंज, उंडी, भेंड ही किनाऱ्याचीच झाडं निवडा. पारसिकच्या उतारावर किंवा ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथं पाणी थांबतच नाही. त्यांनी माती ओली होताच, जूनअखेरीस लावून टाकावं आणि रोपाच्या उताराच्या बाजूला मातीचा अर्धगोल बांध घालावा. तिथं ऑगस्टमध्ये लावलेल्या रोपाला ऑक्टोबरच्या उन्हाआधी मुळं सोडायला वेळच मिळत नाही.

सपाटीवर ऑगस्टच्या मध्यापर्यंत लावायला हरकत नाही. गणपती होऊन गेले की मी नवीन झाड लावत नाही. रोप पुढच्या वर्षापर्यंत पिशवीतच सांभाळलेलं बरं.

सगळ्याच झाडांना हा नियम नाही. शेवगा आणि पांगारा फांदीपासून लावायचे, तेही मेअखेरीस. मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी तोडून फूटभर पुरा. चाफ्याची फांदी असेल तर चीक सुकेपर्यंत चार-पाच दिवस सावलीत ठेवा. जांभूळ खाल्लंत तर बी लगेच पेरा, वाळलं की ते उगवत नाही.

लावायला ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ बघा. रोप दोन-तीन फुटांचं घ्या. सहा फुटांचं रोप डोळ्यांना छान दिसतं, पण त्याची मुळं पिशवीत गोल गोल फिरलेली असतात. पिशवी ब्लेडनं कापून पूर्ण काढा. सोसायटीच्या कार्यक्रमात गडबडीत पिशवीसकट लावलेली रोपं मी पुढच्या वर्षी स्वतः उपटून पाहिली आहेत, आणि फार वाईट वाटतं. पिशवीत माती जिथवर होती, जमिनीची पातळीही तिथवरच ठेवा. आंब्याचं कलम असेल तर सांधा मातीच्या वर राहू द्या. बाजूला बांबू ठोका आणि सुतळी आठाच्या आकड्यासारखी सैल बांधा, कारण जुलैतला खाडीवरचा वारा कोवळं खोड हलवतो आणि नवी मुळं तुटतात.

झाड लावायचं ठरवताना पुढच्या एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार, हेही त्याच दिवशी ठरवा. मोसम कितीही साधला तरी पहिला उन्हाळा झाडाला एकट्यानं निभावत नाही. दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा आणि होळीपासून तीन-चार दिवसांनी एक बादली, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. आळ्यात चार बोटं पालापाचोळा पसरा, फक्त खोडाला टेकू देऊ नका. आमच्या आवारात पूर्वी पानं जाळायचे. सफाईवाल्या दादांना मी हे आळं दाखवलं, आतली ओली माती हाताला लावून दाखवली. आता तेच पानं गोळा करून आधी माझ्या रोपांशी आणून टाकतात.

2023 मधली वाचलेली तिसरी बकुळ गेटच्या आत डावीकडे आहे. मी तिच्या खोडाची सुतळी सोडली ती दुसऱ्या पावसाळ्यानंतर, खोड हातानं हलवून पाहिल्यावर मुळाशी माती हलली नाही तेव्हा.