उणे अठरा सांभाळा : आपल्या भाषेचे टाइप एलएलव्हीएमच्या आयआरमध्ये उतरवताना

गेली दोन वर्षं रविवारी सकाळी बसून मी एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषा लिहितो आहे. शीतगृहातल्या तापमानाच्या नोंदी वाचायच्या, सरासरी काढायची आणि मर्यादा ओलांडली की घंटा वाजवायची, एवढंच तिचं काम. कीवर्ड मराठीच आहेत: जर, नाहीतर, जोवर, परत दे. पार्सर, म्हणजे लिहिलेला कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, चार-पाच रविवारांत उभा राहिला. खरा वेळ गेला तो भाषेतले टाइप एलएलव्हीएमच्या (कंपायलर बनवण्यासाठीच्या तयार साहित्याच्या) आयआरमध्ये, म्हणजे कंपायलरच्या मधल्या रूपात, उतरवण्यात. त्या वाटेवर कुठे काय करायचं ते इथे लिहितो.

आधी एक चूक सांगतो, कारण पुढचं बरंचसं तिच्याभोवतीच फिरतं. सेन्सर एका बाइटमध्ये तापमान देत होता. दोन नोंदी होत्या, उणे १८ आणि उणे १६. सरासरी उणे १७ यायला हवी होती. पडद्यावर २३९ आलं आणि घंटा वाजली. एलएलव्हीएमच्या व्हेरिफायरने, म्हणजे आयआर नियमात बसतो का हे तपासणाऱ्या भागाने, त्या कोडला बिनतक्रार मान्यता दिली होती, आणि त्याच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरच होतं.

असं का होतं हे स्वतः बघा. सी मध्ये दोन फंक्शनं लिहा. एक साधा इंट घेऊन त्याला २ ने भागणारं, दुसरं अनसाइन्ड इंट घेऊन तेच करणारं. क्लँगला, म्हणजे एलएलव्हीएमवर चालणाऱ्या सी च्या कंपायलरला, मोठा एस आणि एमिट-एलएलव्हीएम (-S -emit-llvm) हे दोन पर्याय देऊन ऑप्टिमायझेशनशिवाय आयआर काढा. दोन्हीकडे आकड्याचा टाइप एकच दिसेल: आय३२, म्हणजे ३२ बिटांचा पूर्णांक. फरक फक्त भागाकाराच्या इन्स्ट्रक्शनमध्ये आहे. पहिल्यात एसडिव्ह (चिन्हासहित), दुसऱ्यात यूडिव्ह (चिन्हाविना). चिन्ह आहे की नाही ही माहिती टाइपमधून निघून इन्स्ट्रक्शनमध्ये जाऊन बसली आहे.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. इलिनॉय विद्यापीठात २००० साली क्रिस लॅटनर आणि विक्रम आडवे यांनी एलएलव्हीएमचं काम सुरू केलं, तेव्हा आयआरमध्ये चिन्हासहित आणि चिन्हाविना असे वेगळे पूर्णांक होते. २००७ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत ते काढून टाकले. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. बेरजेचंच पाहा. उणे १८ चा बाइट म्हणजे १११०१११०. चिन्हाविना वाचला तर तो २३८. त्यात २० मिळवा: उणे १८ अधिक २० म्हणजे २, २३८ अधिक २० म्हणजे २५८, आठ बिटांत मावतात तेवढे ठेवले की पुन्हा २. बिटांना चिन्हाशी देणंघेणं नाही. मग बेरीज, वजाबाकी, गुणाकारासाठी दोन वेगळे टाइप कशाला? भागाकार (बाकीसह), बिट उजवीकडे सरकवणं, लहान-मोठं ठरवणं, रुंदी वाढवणं आणि दशांश आकड्यात बदलणं, इथेच चिन्हाने उत्तर बदलतं. म्हणून तिथे जोड्या आहेत: एसडिव्ह-यूडिव्ह, सरकवण्यात एएसएचआर-एलएसएचआर, तुलनेत एसएलटी-यूएलटी, रुंदीसाठी एसएक्स्ट-झेडएक्स्ट. माझी चूक शेवटच्या जोडीत होती. आय८ चा आय३२ करताना मी झेडएक्स्ट वापरलं. उणे १८ चे २३८ झाले, उणे १६ चे २४०, आणि सरासरी २३९.

तेव्हा पहिलं काम हे: आपल्या कंपायलरमध्ये टाइपांचा स्वतःचा तक्ता ठेवा. प्रत्येक एक्स्प्रेशनबरोबर दोन गोष्टी चालू द्या, एलएलव्हीएमने दिलेली व्हॅल्यू आणि तुमच्या भाषेतला टाइप. मी सुरुवातीला फक्त व्हॅल्यू पुढे पाठवत होतो आणि गरज पडली की तिलाच टाइप विचारत होतो. ती आय८ एवढंच सांगते. ते तापमान आहे की सेन्सरचा क्रमांक, हे तिला माहीत नसतं. मूळ अर्थ सिमँटिक, म्हणजे अर्थाच्या, तपासणीच्या टप्प्यावर पक्का करा आणि आयआर तयार होईपर्यंत हातचा सोडू नका.

पॉइंटरचंही, म्हणजे मेमरीतला पत्ता धरणाऱ्या टाइपचंही, आता तेच झालं आहे. जुन्या लेखांत आय३२ पुढे तारा (*) लावून पॉइंटर लिहिलेला दिसतो. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून पॉइंटर वेगळं काही न सांगता अपारदर्शक झाला, फक्त पीटीआर. १७ व्या आवृत्तीत जुनी पद्धत पूर्ण काढली. पॉइंटरला 'तुझ्या पत्त्यावर काय आहे' असं विचारायची सोय राहिली नाही. लोड करताना, म्हणजे मेमरीतून वाचताना, टाइप तुम्हीच द्यायचा: या पत्त्यावरून आय३२ उचल. जुना नमुना उतरवून काढलात आणि एरर आली तर बहुधा याच जागी. उत्तर तेच: आतला टाइप आपल्या तक्त्यात ठेवा. याचा एक फायदाही झाला. लिंक्ड लिस्टच्या नोडसारखा स्वतःकडेच बोट दाखवणारा स्ट्रक्ट (अनेक फील्डचा एकत्र गठ्ठा) आता नुसता आय३२ आणि पीटीआर इतका साधा लिहिता येतो.

स्ट्रक्टसाठी गणिताची चौकटीची वही घ्या. एक चौकट म्हणजे एक बाइट. माझी नोंद अशी होती: सेन्सर क्रमांक आय८, वेळ आय३२, तापमान आय८. बेरीज सहा बाइट. पण नेहमीच्या ६४ बिटी यंत्रांवर आय३२ चारच्या पटीतल्या पत्त्यावर बसतो, म्हणून पहिल्या बाइटनंतर तीन चौकटी रिकाम्या. शेवटीही तीन रिकाम्या, म्हणजे पुढची नोंद नीट बसेल. एकूण बारा. वेळ पहिली घेतली आणि बाकीचे दोन मागे ठेवले तर आठ. पॅक्ड स्ट्रक्ट, म्हणजे रिकाम्या चौकटी न सोडणारा, केला तर बरोबर सहा. एलएलव्हीएम तुमचे फील्ड स्वतः मागेपुढे करत नाही, क्रम तुम्हीच ठरवायचा. वहीत काढायचं ते समजण्यासाठी. कोडमध्ये मात्र आकार आणि अंतरं मॉड्यूलच्या डेटालेआउटलाच (त्या यंत्रावरच्या आकारांच्या नियमांना) विचारा, आणि मॉड्यूल तयार केल्या केल्या तो लेआउट त्याच्यावर लावा.

फील्डचा पत्ता काढणारी इन्स्ट्रक्शन म्हणजे गेटएलिमेंटपॉइंटर, सगळे तिला जीईपी म्हणतात. ती मेमरीला हात लावत नाही, फक्त पत्त्याचा हिशोब करते. लोड किंवा स्टोअर वेगळं करावं लागतं. तिचा पहिला इंडेक्स जवळजवळ सगळ्यांना चकवतो. तो फील्डचा नसतो. 'या पत्त्यापासून असे पूर्ण स्ट्रक्ट किती ओलांडायचे' हे तो सांगतो. एकाच नोंदीत जायचं असेल तर तो शून्य, आणि मग दुसरा इंडेक्स फील्डचा. माझ्या रचनेत तापमान हवं तर शून्य, दोन. नोंदींच्या रांगेतली सातवी नोंद हवी असेल तर पहिला इंडेक्स सहा. स्ट्रक्टमधल्या फील्डचा इंडेक्स आय३२ स्थिरांकच लागतो, कारण प्रत्येक फील्डचा टाइप वेगळा असू शकतो. अ‍ॅरेत सगळे घटक सारखे, म्हणून तिथे व्हेरिएबल चालतं.

खरं-खोटं यासाठी आय१ आहे. तुलनेतून तोच निघतो आणि अट पाहून वाट बदलणाऱ्या ब्रँचला तोच लागतो. तुमच्या भाषेत 'जर' नंतर नुसता आकडा चालत असेल तर आधी शून्याशी तुलना करून आय१ बनवा. मेमरीत ठेवताना मी त्याचा आय८ करतो, क्लँगही तसंच करतं. आय७ किंवा आय३७ अशी कुठलीही रुंदी आयआर मान्य करतो, पण पहिल्या भाषेत ८, १६, ३२, ६४ च्या बाहेर जाऊ नका. दशांशासाठी डबल पुरे. व्हेक्टर, टोकन, मेटाडेटा हे टाइप आत्ता बाजूला ठेवा.

ओव्हरफ्लोचा, म्हणजे उत्तर रुंदीत न मावण्याचा, नियमही टाइपमध्ये नसतो. बेरजेवर एनएसडब्ल्यू (नो साइन्ड रॅप) हा शब्द लावलात तर तुम्ही ऑप्टिमायझरला वचन देता की चिन्हासहित पाहता ही बेरीज कधी मर्यादेबाहेर जाणार नाही. वचन मोडलं तर निकाल पॉयझन, म्हणजे भरवसा न ठेवता येणारा, होतो. तुमच्या भाषेत आकडा गोल फिरून परत यायचा असेल तर हा शब्द लावू नका. सी चं आयआर बघून लिहिणारे तो नकळत उचलतात.

प्रत्येक फंक्शन पूर्ण झालं की व्हेरिफायर चालवा, आणि शिकत असताना असर्शन (आतल्या जादा तपासण्या) चालू असलेली एलएलव्हीएमची बिल्ड घ्या. आय३२ मध्ये आय६४ मिळवलात, आय८ वर ब्रँच केलात, तर त्याच क्षणी कळतं. मात्र झेडएक्स्टच्या जागी एसएक्स्ट हवं होतं, हे व्हेरिफायर कधीच सांगणार नाही. दोन्ही आय८ घेतात आणि आय३२ देतात. तिथे चाचण्याच लागतात, आणि त्यात सर्वांत वरचा बिट १ असलेले आकडे हवेत: चिन्हासहित टाइपला उणे १ आणि उणे १२८, चिन्हाविनाच्या टाइपला १२८ आणि २५५. ५ आणि १० वर तपासलं तर सगळं बरोबरच दिसतं. भागाकार, तुलना, सरकवणं, रुंदी, दशांश या पाचही ठिकाणी हे आकडे दोन्ही प्रकारच्या टाइपांतून पाठवा. माझ्या चाचणीच्या फाइलमध्ये पहिली ओळ अजूनही तीच आहे: उणे १८, उणे १६, उत्तर उणे १७.