कार्बनच्या किमतीचा जमाखर्च कसा मांडावा

कार्बन कराचा, म्हणजे इंधन जाळून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनावरील कराचा, प्रस्ताव पुढे आला की चर्चा बहुधा एकाच प्रश्नाशी अडते: लोकांच्या खिशातून किती पैसे जाणार? प्रश्न रास्त आहे, परंतु एवढ्यावरून प्रस्ताव परवडणारा आहे की नाही हे ठरत नाही.

प्रथम एकक तपासावे. दर कार्बनच्या टनाला आहे की कार्बन डायऑक्साइडच्या, हे पाहावे, कारण एक टन कार्बन जळाला की सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मग तो दर इंधनावर उतरवावा. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या टनाला ५० डॉलर दर असल्यास लिटरमागे साधारण साडेअकरा सेंट वाढतात.

त्यानंतर भरलेला कर आणि खरा खर्च हे दोन्ही वेगळे करावेत. बहुतेक हिशेब इथेच चुकतात. समजा, एक कारखाना १०० टन उत्सर्जन करतो आणि दर टनाला ४० डॉलर आहे. त्यातील ३० टन त्याला सरासरी २० डॉलरमध्ये टाळता आले, तर त्यावर ६०० डॉलर खर्च झाले आणि उरलेल्या ७० टनांवर २,८०० डॉलर कर भरावा लागला. कारखानदाराला ३,४०० डॉलरचा भार जाणवतो आणि त्याची तक्रार खोटी नसते; मात्र समाजाच्या दृष्टीने ६०० डॉलरच खर्ची पडले, कारण कराची रक्कम नष्ट झालेली नसून ती सरकारी तिजोरीत आहे.

लाभाच्या बाजूला टळलेले नुकसान मांडावे आणि ते कोणत्या वटाव दराने, म्हणजे भविष्यातील रकमेचे आजचे मोल काढताना ती दरवर्षी किती टक्क्यांनी घटवून, मोजले आहे, हे आवर्जून विचारावे. शंभर वर्षांनंतरचे १०० डॉलरचे नुकसान ३ टक्के दराने आज सुमारे ५ डॉलरचे ठरते, तर २ टक्के दराने जवळजवळ १४ डॉलरचे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये २ टक्के दर धरून २०२० मधील एका टन कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाचे नुकसान सुमारे १९० डॉलर मानले. पुढच्या पिढ्यांचे नुकसान केवळ उशिरा होणार म्हणून नगण्य ठरवणारा दर मला पटत नाही. धूर घटल्याने वाचणारे आरोग्यही याच बाजूला धरावे.

आता तिजोरीतील रकमेचा माग काढावा. गरीब कुटुंबाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा ऊर्जेवर जातो, तरी प्रत्यक्षात जास्त इंधन श्रीमंत जाळतात. त्यामुळे रक्कम माणशी समान परत दिल्यास बहुतेक गरीब कुटुंबांच्या हाती भरल्यापेक्षा अधिक पडते. स्वित्झर्लंडमध्ये इंधनावरील अशा आकारणीचा मोठा भाग परत दिला जातो आणि नागरिकांचा वाटा आरोग्यविम्याच्या हप्त्यातून वजा होतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये कर लावताना आयकर कमी केला. फ्रान्समध्ये मात्र इंधनावरील वाढत्या कराविरुद्ध २०१८ च्या अखेरीस लोक रस्त्यावर उतरले आणि पुढची वाढ सरकारला मागे घ्यावी लागली.

पोलाद, सिमेंट यांसारखे उद्योग कर नसलेल्या देशांत गेल्यास उत्सर्जन न घटता केवळ रोजगार जातो, म्हणून आयातीवर तशीच आकारणी आहे का, हे पाहावे.

कराऐवजी परवान्यांचा बाजार असेल, म्हणजे सरकार उत्सर्जनाचे मर्यादित परवाने देऊन उद्योगांना ते आपसांत विकू-घेऊ देत असेल, तर वाटलेल्या परवान्यांची संख्या प्रत्यक्ष उत्सर्जनाशी ताडावी. युरोपीय संघाने २००५ मध्ये बाजार सुरू करताना गरजेपेक्षा अधिक परवाने दिले. ते पुढच्या टप्प्यात वापरता येणार नसल्याने २००७ मध्ये त्यांची किंमत जवळजवळ शून्यावर आली.