बस्ता बांधण्यापूर्वी : वधूने विवाह विशेषांक कसे वाचावेत

साखरपुडा झाला की घरात विवाह विशेषांकांची चवड वाढू लागते आणि ती पाहून एखाद्या आत्याबाई हमखास विचारतात, की एवढ्या चित्रांचे करायचे तरी काय. प्रश्न रास्त आहे. चकचकीत कागदावरचे शालू, नथी आणि फुलांचे मांडव पाहण्यात मुलींना जो आनंद मिळतो, तो कोणी हिरावून घेऊ नये असे माझे मत आहे. लग्नाच्या धावपळीत निवांत बसून करण्यासारखे तेवढे एकच काम असते. मात्र चित्रात आवडलेली वस्तू प्रत्यक्ष बस्त्यात येईपर्यंत कापड, हवामान, विधी, वेळ आणि पैसा अशा पाच गोष्टी मध्ये येतात, आणि चित्राखालच्या दोन ओळींत त्यांचा उल्लेख सहसा नसतो. म्हणून कात्रण वहीत चिकटवले की त्याच्या शेजारचे पान कोरे सोडावे आणि या पाचही गोष्टींची उत्तरे मिळतील तशी तेथे लिहीत जावीत. उत्तरे न मिळालेले चित्र नुसते पाहून आनंद घेण्यापुरते ठेवावे, खरेदीच्या यादीत घेऊ नये.

अंक नवेच हवेत असा आग्रह नसावा. पैठणीचा पदर किंवा ठुशीची घडण वर्षा-दोन वर्षांत जुनी होत नाही. त्यामुळे रद्दीच्या दुकानातले मागील अंक, वाचनालयातून घरी आणता येणारी मासिके आणि नुकतेच लग्न झालेल्या मामेबहिणीकडची चवड यांवर बहुतेक काम भागते. अंक वाचनालयाचा असेल तर कात्रण न काढता मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, एवढे सांगायची गरज पडू नये.

अंक कोणाच्या पैशावर निघतो

या मासिकांचा जन्म कसा झाला हे ठाऊक असले की ती वाचणे सोपे जाते. अमेरिकेत पुढे ‘ब्राइड्स’ या नावाने प्रसिद्ध झालेले मासिक 1934 साली ‘सो यू आर गोइंग टू बी मॅरीड’ या नावाने सुरू झाले, आणि ज्या मुलींच्या साखरपुड्याची बातमी वर्तमानपत्रात छापून येई त्यांच्या घरी ते विनामूल्य पाठवले जात असे. अंक फुकट देणे परवडत होते, कारण थोड्याच महिन्यांत मोठी खरेदी करणार असलेल्या मुलीपर्यंत पोहोचण्याची जाहिरातदारांना गरज होती. त्या मासिकाची छापील आवृत्ती 2019 मध्ये बंद पडली आणि ते केवळ संकेतस्थळावर उरले, परंतु जाहिरातदार, वधू आणि मासिक यांच्यातले नाते आजही तेच आहे, मग अंक इंग्रजी असो, मराठी वर्तमानपत्राची लग्नसराईची पुरवणी असो की मोबाइलवरचे पान असो.

यात काही गैर नाही, फक्त वाचताना भान हवे. लेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ किंवा ‘जाहिरात’ असा शब्द आहे का, हे आधी पाहावे. समाजमाध्यमांवर पैसे घेऊन केलेल्या शिफारशींवर तसे स्पष्ट लिहावे, अशी सूचना भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये केलेली आहे. त्यानंतर एक सोपी पडताळणी करावी. लेखात ज्या पेढीची किंवा मेकअप आर्टिस्टची स्तुती आहे, तिचीच पानभर जाहिरात त्याच अंकात असेल, तर त्या लेखाला जाहिरातीइतकेच वजन द्यावे. याउलट ज्या लेखात काय घेऊ नये हेही सांगितले आहे, तो नीट वाचावा. असे लेख थोडे असतात.

बारा महिन्यांचे वेळापत्रक आणि आपले पंचांग

बऱ्याच मासिकांत लग्नाआधीच्या बारा महिन्यांचे वेळापत्रक छापलेले असते. आपल्याकडे साखरपुड्यापासून मुहूर्तापर्यंत अनेकदा तीन-चार महिनेच हाती असतात, आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकापर्यंतच्या चातुर्मासात बहुतेक घरांत मुहूर्त धरत नाहीत, म्हणून तुळशीचे लग्न लागले की साऱ्यांची एकच झुंबड उडते. तेव्हा छापील वेळापत्रक बाजूला ठेवून आधी कार्यालय, गुरुजी आणि जेवणाचे कंत्राट पक्के करावे, मग साड्या घ्याव्यात, आणि ब्लाउज शिवण्यासाठी शिंप्याकडे महिना-दीड महिना तरी राखून ठेवावा. मासिकाच्या मागील पानांवरचे ‘महिन्याभरात सडपातळ व्हा’ हे सदर मनावर घ्यायचेच असेल, तर ते ब्लाउजचे माप देण्यापूर्वी घ्यावे.

कार्यालय ठरले की ते वातानुकूलित आहे की नाही, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहावे. पुष्कळ अंकांतले जड मखमली लेहंगे उत्तरेकडच्या थंडीतल्या रात्रीच्या लग्नांना शोभतात. वैशाखात भर दुपारच्या मुहूर्तावर, पंख्यांच्या भरवशावर चाललेल्या कार्यालयात तोच पोशाख नेसून पाटावर मांडी घालून बसायचे आहे, हे एकदा डोळ्यांपुढे आणले की निम्मी कात्रणे आपोआप बाद होतात.

एक चित्र उलगडून पाहू

समजा, जुन्या वाड्याच्या दारात उभी असलेली, मोरपंखी पैठणी नेसलेली वधू आवडली आहे. तिच्या पदरावर बांगडीमोर, म्हणजे बांगडीसारख्या वर्तुळातले मोर आहेत आणि काठ नारळी, म्हणजे नारळाच्या नक्षीचा आहे. एवढे चित्रातून कळते आणि तेवढे शब्द दुकानात सांगता आले की दुकानदार योग्य त्या साड्या पुढे टाकतो. ‘असे काहीतरी दाखवा’ म्हणत मोबाइल पुढे केल्यावर मात्र तो त्याला खपवायचा असलेला माल दाखवतो. चित्रात न दिसणारी गोष्ट म्हणजे साडीची उलटी बाजू. हातमागावरच्या पैठणीचा पदर पाठीमागूनही जवळजवळ तसाच स्वच्छ दिसतो, कारण नक्षीतला प्रत्येक रंग ज्या त्या जागी हाताने गुंफलेला असतो. यंत्रमागावरच्या साडीला मागे सुटे धागे लोंबताना दिसतात किंवा ते कापलेले असतात. येवल्यात विणकराच्या घरी मागावर लावलेली साडी पाहता आली तर हा फरक एका नजरेत समजतो. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि रेशीम शुद्ध असल्याची खूण म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेले सिल्क मार्कचे लेबल असते. दोन्हींविषयी विचारण्यात संकोच करू नये. यंत्रमागावरची किंवा ‘सेमी’ पैठणी घेण्यात कमीपणा नाही, मात्र तिला हातमागाची किंमत मोजू नये.

वेळेचा हिशेब याच चित्राच्या शेजारी लिहावा. साध्या पदराची हातमागाची पैठणी विणायलाही आठवडे लागतात आणि भरगच्च नक्षीला कित्येक महिने, त्यामुळे चित्रातल्यासारखीच विणून हवी असेल तर साखरपुड्यापूर्वीच विचार करायला हवा होता. एरवी तयार मालातून निवड करावी लागते. नऊवारी नेसायची असेल तर सहावारी साडीचे चित्र दाखवून चालत नाही. नऊवारी सुमारे 8.2 मीटर लांब असते, सहावारी 5.5 मीटरच्या आसपास, आणि नेसण्याच्या पद्धतीनुसार पदराचा कोणता भाग समोर येणार तेही बदलते, म्हणून ज्या बाई लग्नात साडी नेसवणार आहेत त्यांनाच बस्त्याला सोबत न्यावे.

आता रंग. छापील मोरपंखी, मोबाइलवरचा मोरपंखी आणि साडीचा मोरपंखी हे तीन वेगळे रंग असतात. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे धूपछाँव दिसते, आणि छायाचित्र त्यातली एकच छटा पकडते. साडी दुकानाच्या दाराशी उजेडात नेऊन, मग पुन्हा आत दिव्याखाली पाहावी. खरेदी झाल्यावर ब्लाउजच्या कापडाचा बोटभर तुकडा शिंप्याकडून मागून घेऊन कात्रणाच्या शेजारी टाचावा, आणि हिरवा चुडा, वराचा शेला, करवलीची साडी, फेटा या साऱ्यांच्या खरेदीला चित्राऐवजी तो तुकडा न्यावा. माझ्या मते ही सगळ्यांत उपयोगी युक्ती आहे.

दागिने

चित्रीकरणासाठी दागिने बहुधा पेढीकडून तेवढ्यापुरते आणलेले असतात. पानाच्या कडेला बारीक टाइपात पेढीचे नाव असते ते याच कारणाने. तन्मणी, चिंचपेटी, वज्रटीक, कोल्हापुरी साज आणि लक्ष्मीहार एकाच गळ्यात पाहून तसाच संच करायला निघू नये. घरातले आजीचे दागिने आधी बाहेर काढावेत, कोणते कमी पडतात ते ठरवावे आणि मगच अंक उघडावा. सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि आता दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपवर घालून पाहता येतो. 22 कॅरेटसाठी 916 हा आकडा पाहावा. पावतीवर सोन्याचे वजन, खड्यांचे वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. फक्त एका दिवसासाठी हवा असलेला बाजूबंद एक ग्रॅमवाला, म्हणजे सोन्याचा नुसता मुलामा दिलेला, घेतला तरी छायाचित्रात कोणाला कळत नाही.

होमाजवळचे कापड आणि हातावरची मेंदी

विशेषांकांच्या सुंदर पानांवर अग्नी असतो तो पार्श्वभूमीला. प्रत्यक्षात लाजाहोमात वधू भावाने ओंजळीत घातलेल्या लाह्या अग्नीत अर्पण करते आणि पुढे अग्नीभोवती फेरे घेते, म्हणजे पदर किंवा ओढणी ज्वाळेपासून हातभर अंतरावर येते. पॉलिस्टरची जाळी आणि जॉर्जेट उष्णतेने वितळून अंगाला चिकटते. रेशीम आणि सुती कापड जळले तरी वितळत नाही. लांब घोळदार ओढणीचे चित्र फारच आवडले असेल, तर तो पोशाख स्वागत समारंभासाठी राखावा आणि विधींसाठी रेशमी साडीच नेसावी. मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री साडी त्या वेळी नेसण्याची जुनी रीत अनेक घरांत आहेच.

मेंदीच्या पानांबाबत एकच खबरदारी. खऱ्या मेंदीचा रंग आधी केशरी येतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत गडद होतो, म्हणून ती लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच्या आधी काढावी. तासाभरात काळाकुट्ट रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन असू शकते, आणि त्याने हातावर फोड येऊ शकतात.

अंकात सहसा नसलेले पान

जपानमध्ये ‘झेक्सी’ नावाचे जाडजूड विवाह मासिक निघते, आणि त्यासोबत विवाहनोंदणीचा अर्ज गुलाबी रंगात छापून दिला जातो. आपल्या अंकांत नोंदणीवर पान क्वचित दिसते, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर वधूने ते स्वतःच लिहावे. महाराष्ट्रातील 1998 च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार लग्नानंतर 90 दिवसांच्या आत नोंदणीसाठी अर्ज द्यायचा असतो. त्यावर वधूवरांबरोबर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या सह्या लागतात, आणि लग्नपत्रिका व लग्नाचे एक छायाचित्रही मागितले जाते. पत्रिकेच्या दोन प्रती वाटपाआधीच बाजूला काढाव्यात. छायाचित्रकाराला वधूवरांचे चेहरे समोरून स्पष्ट दिसतील असे एक छायाचित्र मुद्दाम घ्यायला सांगावे, कारण मुंडावळ्यांआड झुकलेल्या नजरेचे कलात्मक चित्र नोंदणी कार्यालयातला कारकून स्वीकारेलच असे नाही. अर्ज आधीच छापून लग्नाच्या दिवशी मंगल कार्यालयात न्यावा आणि गुरुजी दक्षिणा घेऊन पुढच्या मुहूर्ताला निघण्यापूर्वी त्यांची सही घ्यावी. हे काम करवलीकडे सोपवलेले बरे.