बँडसॉसाठी झिरो-क्लिअरन्स इन्सर्ट

बँडसॉच्या (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याच्या करवतीच्या) टेबलातील मूळ इन्सर्टची, म्हणजे पाते जिच्यातून जाते त्या चकतीची, फट पात्यापेक्षा बरीच रुंद असते, त्यामुळे बारीक तुकडे तिच्यात अडकतात आणि लाकडाची खालची कड फाटते. पात्याला चिकटून बसणारी फट असलेली चकती, म्हणजेच झिरो-क्लिअरन्स इन्सर्ट, घरीच बनवता येते.

प्रथम यंत्राचा प्लग काढून, इन्सर्ट बसते त्या टेबलातील खाचेचा व्यास आणि खोली कॅलिपरने मोजावी. तेवढ्याच जाडीचा प्लायवूड किंवा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून बनवलेला बोर्ड) घ्यावा. माझी पसंती प्लायवूडला आहे, कारण दमट हवेत एमडीएफ फुगते. चकती किंचित मोठी कापून सँडरवर हळूहळू घासत मापात आणावी.

खरी जोखीम फट पाडताना असते. छोटी चकती बोटांनी धरून चालत्या पात्याकडे मुळीच ढकलू नये. ती दुहेरी चिकटपट्टीने लांब फळीवर घट्ट बसवावी, गार्ड (पात्यावरचे संरक्षक आवरण) लाकडापासून जेमतेम ५ मिमी वर ठेवावा, हातमोजे काढावेत आणि बोटे पात्याच्या रेषेबाहेर ठेवून चकती मध्यबिंदूपर्यंतच सावकाश पुढे न्यावी. मग यंत्र बंद करून पाते पूर्ण थांबल्यावरच फळी त्याच फटीतून मागे घ्यावी.

चिकटपट्टी सोडवून, प्लग पुन्हा काढून, चकती पात्याभोवती सरकवत खाचेत बसवावी. ती टेबलाच्या वर आली तर लाकूड अडखळते, म्हणून खालून घासावी. खाली राहिल्यास कागदी चिकटपट्टीचे थर द्यावेत. सुरू करण्यापूर्वी वरचे चाक हाताने फिरवून पाते कुठे घासत नाही ना, हे पाहावे. टेबल तिरके करायचे असल्यास मात्र वेगळी चकती लागते.