प्लगवाली पॉवर बँक घ्यायची असेल तर एवढं बघून घ्या

इंदूरहून मुंबईला जायचं म्हणजे आपल्यातले निम्मे लोक अवंतिका एक्सप्रेसने जातात, रात्रभराचा प्रवास, आणि पश्चिम रेल्वेने 2021 पासून रात्री 11 ते पहाटे 5 डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवायला सुरुवात केलीय, आगीचा धोका नको म्हणून. म्हणजे नेमकं झोपताना फोन लावायचा आणि सकाळी फुल काढायचा हा हिशोब तिथे चालत नाही. अशा लोकांसाठी चार्जर आणि पॉवर बँक एकाच डबीत असलेली वस्तू खरंच कामाची आहे. मागच्या पिना उघडून सॉकेटमध्ये लावायची, बहुतेक मॉडेलमध्ये आधी फोन चार्ज होतो मग ती स्वतः, काढली की खिशातली पॉवर बँक. गाडीत बसल्याबसल्या लावून टाका, 11 पर्यंत जेवढं भरेल तेवढं भरेल, मग पुढे तिच्यावरच फोन लावा, फक्त उशीखाली किंवा पांघरुणात ठेवू नका, उघड्यावर राहू द्या. बऱ्याच डब्यांत सॉकेटला 110 व्होल्ट असतो, म्हणून तिच्यावर इनपुट 100-240 व्होल्ट लिहिलंय ना ते आधी बघा.

मला यातला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो म्हणजे पॉवर बँक वेगळी चार्ज करायची आठवण ठेवावी लागत नाही. ऐन वेळी रिकामी निघणारी पॉवर बँक कोणाच्या घरी नाही सांगा!

आता कपॅसिटी. डबीवर 5000 एमएएच लिहिलंय आणि फोनची बॅटरी पण 5000 ची, म्हणजे एकदा फुल होणार असं धरून चालू नका. तो आकडा आतल्या सेलचा असतो, 3.7 व्होल्टवरचा, फोनला देताना तो 5 व्होल्ट किंवा जास्त करावा लागतो, त्यात काही भाग उष्णतेत जातो, हातात साधारण 60-65 टक्के येतं. म्हणून पाठीमागे बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी असते ती वाचा, खरा आकडा तो. दिवसभर ऑफिस, क्लास, संध्याकाळी सराफ्याच्या खाऊगल्लीत चक्कर एवढ्याला 5000 वाली पुरते, फॅमिलीत दोन फोन असतील तर 10000 वाली घ्या, जड असते पण उपाय नाही.

वॅटच्या, म्हणजे चार्जिंगच्या वेगाच्या, बाबतीत एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. या वस्तूचे दोन आकडे असतात, भिंतीत लावल्यावर किती वॅट आणि बॅटरीवर किती वॅट, आणि बॅटरीवरचा बरेचदा कमी असतो. पॅकेटवर मोठ्या अक्षरात जास्तीचाच छापतात, तेव्हा दोन्ही विचारा. टाइप-सी पोर्ट आणि पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीवरून फास्ट चार्जिंगची पद्धत) सपोर्ट हवाच. काही कंपन्यांच्या फोनचं फास्ट चार्जिंग त्यांच्या स्वतःच्याच चार्जरवर चालतं, तिथे फोन चार्ज होईल पण हळू.

पिना मात्र नीट बघा, इथेच जास्त लोक फसतात. अँकरसारख्या कंपन्यांची जी मॉडेल अमेरिकेतून नातेवाईक आणतात त्यांना चपट्या पिना असतात, आपल्या बोर्डात गोल पिना लागतात. मग वर अडॅप्टर लावायचा, आणि ही वस्तू साध्या चार्जरपेक्षा जड, ती अडॅप्टरसकट खाली झुकते, पिन अर्धी बाहेर येते, कॉन्टॅक्ट ढिला पडतो, ठिणगी उडते, सॉकेट काळं पडतं. शक्य असेल तर गोल पिनांवालीच घ्या. चपट्या पिनांवाली आधीच घरात असेल तर भिंतीतल्या बोर्डाऐवजी टेबलावर आडव्या ठेवलेल्या एक्स्टेंशनमध्ये लावा, वजन लटकत नाही.

इंदूरला जेल रोडच्या डॉलर मार्केटमध्ये स्वस्तात भरपूर मिळतं, जा, बघा, भाव करा, पण बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि त्याखाली आर ने सुरू होणारा नंबर असल्याशिवाय पैसे देऊ नका. तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तिथेच उभ्याउभ्या टाकून बघता येतो, कंपनीचं नाव जुळलं पाहिजे. 230 व्होल्ट आणि लिथियमची बॅटरी एकाच डबीत आहे हो, इथे दोनशे रुपये वाचवायला जाऊ नये.

घरी कायम बोर्डात खोचून ठेवू नका. चार्जरची उष्णता शेजारच्या बॅटरीलाच लागते आणि तिचं आयुष्य कमी होतं. मे महिन्यात बंद कारमध्ये तर अजिबात सोडू नका. बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धी भरून ठेवा. इयरबड्स किंवा घड्याळ लावल्यावर आपोआप बंद पडत असेल तर ती बिघडलेली नसते, करंट फार कमी ओढला जातो म्हणून बंद होते, काही मॉडेलमध्ये बटण दोनदा दाबलं की त्यासाठीचा मोड चालू होतो.

विमानाने जाणार असाल तर हँडबॅगमध्येच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. मर्यादा 100 वॅट-अवरची (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप) आहे आणि 10000 वाली 37 ची असते, त्यामुळे त्याची काळजी नाही.

आणि कधी फुगलेली दिसली, पिनांजवळचं प्लॅस्टिक वाकलं, वास आला, की वापर बंद. दाबून बघू नका, उघडू नका. कोरड्या कचऱ्यात पण टाकू नका, आपल्या इंदूरच्या कचरा गाडीत ई-वेस्ट वेगळा घेतात, त्यात द्या आणि आत बॅटरी आहे हे गाडीवाल्या दादांना सांगा.