मोठे शिकारी आफ्रिकन सिक्लिड एका टाकीत ठेवायचे असतील तर

दुकानात ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून सिक्लिड कुळातल्या शोभिवंत माशांच्या दोन इंची चंदेरी पिल्लांचा घोळका दाखवतात. त्यातली काही वर्ष-दीड वर्षात वीतभर होतात आणि बाकीच्यांपैकी बरीच त्यांच्या पोटात जातात. म्हणून टाकीतले जोडीदार दुकानात पिल्लं बघून ठरवू नका. पूर्ण वाढलेला मासा डोळ्यांसमोर आणा आणि घरी बसून निवड करा. त्याचा जबडा केवढा होणार, तो दिसायला कोणासारखा आहे आणि त्याला किती जागा लागते, एवढ्यावर सगळी निवड उभी असते.

आधी सरोवर ठरवा

सगळे ‘आफ्रिकन’ एका पाण्याचे नसतात. नवशिक्यांनी आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या शिकारी माशांपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. त्यांना २४ ते २८ अंश तापमान, साधारण ७.८ ते ८.५ पीएच आणि जड (क्षारयुक्त) पाणी मानवतं. टांगानिका सरोवराचा फ्रंटोसा देखणा आहे, पण तो संथ खातो. चपळ मलावीवाल्यांसोबत त्याच्या वाट्याला अन्न कमी येतं आणि तो दबून राहतो. लालभडक ज्वेल सिक्लिडही आफ्रिकेचाच, पण जोडी जमली की तो सगळ्या टाकीवर हक्क सांगतो. ऑस्कर दक्षिण अमेरिकेचा आणि फ्लॉवरहॉर्न मलेशियात संकरातून तयार झालेला. शेजारच्या टाकीत दिसले तरी या दोघांना या यादीत जागा नाही.

मलावीतलेच छोटे, खडकात राहणारे म्बुनाही यांच्यात टाकू नका. त्यांचं मुख्य खाणं शेवाळ, त्यामुळे शिकाऱ्यांचा प्रथिनांनी भरलेला आहार त्यांना बाधतो. शिवाय त्यांची सततची खोडी मोठ्या माशांना सोसत नाही.

टाकी

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच हे मी किमान माप धरतो. त्यात सुमारे ६८० लिटर पाणी मावतं, म्हणजे पाण्याचंच वजन ६८० किलो. वरच्या मजल्यावर राहत असाल तर टाकी भिंतीलगत, बीमच्या ओळीत ठेवा आणि आधी इंजिनिअरला विचारून घ्या. चार फुटांच्या टाकीत हे मासे काही महिने छान दिसतात. नंतर वळायलाही जागा पुरत नाही आणि तिथूनच मारामारी सुरू होते.

खाली नागपूरजवळच्या कन्हान नदीची बारीक रेती चांगली. पाणी गढूळ होईनासं होईपर्यंत धुवा. दगड थोडेच ठेवा, मधलं पाणी मोकळं सोडा. हे मासे पोहून शिकार करणारे आहेत. फिल्टर तासाला टाकीच्या पाच-सहा पट पाणी फिरवणारा हवा. मासे आणण्याआधी तो चार ते सहा आठवडे अमोनिया देऊन तयार करा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढतात. जास्त पीएचच्या पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, त्यामुळे इथे घाई महागात पडते.

कोण कोणाबरोबर

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. एकमेकांसारखे दिसणारे दोन मासे एकत्र नकोत. मलावीचे शिकारी व्हेनुस्टस आणि लिव्हिंगस्टोनी दोघेही अंगावर डागांची नक्षी असलेले, एकाच वंशातले. नर एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात आणि माद्यांबरोबर संकर होतो. दोघांपैकी एकच घ्या. व्हेनुस्टसचा नर वयात आला की डोकं निळं आणि कपाळावर पिवळा पट्टा येतो. लिव्हिंगस्टोनी रेतीवर आडवा पडून मेल्याचं सोंग घेतो आणि जवळ आलेल्या छोट्या माशावर झडप घालतो. मलावीकाठी त्याला ‘कालिगोनो’, म्हणजे झोपाळू, म्हणतात. दोन्ही साधारण २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतात.

निवडलेल्या एकाच्या जोडीला कॉम्प्रेसिसेप्स, म्हणजे दुकानातला ‘आय बायटर’, बसतो. समोरून बघितला तर पातळ पट्टीसारखा दिसतो. सरोवरात तो पाणवनस्पतींत डोकं खाली करून दबा धरतो. आकार आणि रंग व्हेनुस्टसपेक्षा इतके वेगळे की दोघं एकमेकांना फारसं मोजत नाहीत. सहा फुटांत ही एवढीच जोडणी पुरेशी आहे: प्रत्येकी एक नर आणि दोन-तीन माद्या. एका नराबरोबर एकच मादी ठेवली तर तो तिचा पाठलाग करून तिला दमवून टाकतो.

चॅम्प्सोक्रोमिस, बुकोक्रोमिस किंवा रेती चाळणारा फॉसोरोक्रोमिस या मलावीच्याच आणखी मोठ्या माशांचा मोह झाला तर टाकी आठ फुटांची करा. हे ३० सेंटिमीटरच्या घरात किंवा त्यापुढे जातात. चॅम्प्सोक्रोमिसला तर लांब धाव मारायला जागाच हवी.

पिल्लं एकाच मापाची घ्या. शक्य झालं तर सगळी एकत्र सोडा. ते जमलं नाही तर शांत जात आधी आणि दांडगी शेवटी. तोंडात मावेल तो मासा म्हणजे खाऊ, हे गृहीत धरा. लांबट, सडपातळ मासे तर अपेक्षेपेक्षा लवकर गिळले जातात. पीकॉक सिक्लिडची पिल्लं म्हणूनच इथे नकोत.

खाणं

बुडणाऱ्या चांगल्या गोळ्या आणि अधूनमधून सोललेली कोळंबी. मटण, काळीज अजिबात नाही. सस्तन प्राण्यांची चरबी यांना पचत नाही आणि पोट फुगण्याचा आजार होतो. शिकारी मासा म्हणून जिवंत गोल्डफिश टाकण्याची हौस अनेकांना असते. त्यातून रोग येतात, आणि गोल्डफिशमधलं थायमिनेज माशांच्या शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं.

आपला उन्हाळा

खरी परीक्षा नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सुमारास येणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. बाहेर ४५ अंश असताना खोलीतल्या टाकीचं पाणी सहज ३२-३३ वर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मोठ्या माशांना तो जास्त लागतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी गार होतं. पण त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग घटतो. टाकी कूलरच्या खोलीत ठेवू नका, एसीच्या खोलीत जमत असेल तर उत्तम. हवेचा पंप इन्व्हर्टरवर जोडून ठेवा. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी वरून भरत राहिलं की क्षार साठत जातात, म्हणून दर आठवड्याला २५-३० टक्के पाणी बदला. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी असेल तर अँटी-क्लोरीन आधी टाका. बोअरचं असेल तर पीएच आणि जडपणा तपासून घ्या. हिवाळ्यात रात्री गारठा वाढतो, तेव्हा हीटर लागतोच.

पहिले दोन महिने

मासे सोडल्यावर रोज जेवताना बघा. कोण कोपऱ्यात, पृष्ठभागाजवळ उभा राहतो? कोणाचे पर फाटलेत? एखादी मादी तोंड मिटून राहते, खात नाही, तर तिच्या तोंडात अंडी असू शकतात. सुमारे तीन आठवडे ती अंडी-पिल्लं तशीच सांभाळते, तिला छळू देऊ नका. एखादा नर सगळ्यांना कोपऱ्यात दाबत असेल तर त्याला दहा दिवस दुसऱ्या टाकीत ठेवा आणि दगडांची मांडणी बदलून परत आणा. तरीही ऐकत नसेल तर तो दुकानाला किंवा दुसऱ्या शौकिनाला द्या. नागपूरच्या फुटाळा, अंबाझरी किंवा सोनेगाव तलावात कधीही सोडू नका. १९५२ मध्ये भारतात आणलेला टिलापिया हाही आफ्रिकन सिक्लिडच. तो आज देशभरच्या तलावांत पसरला आहे आणि तिथल्या देशी माशांशी जागा आणि अन्नासाठी झगडतो आहे.