"रेट काय?" विचारून कस्टमर गायब होत असेल तर

मॉड्युलर किचनचं काम आहे माझं. प्रॉब्लेम असा की व्हॉट्सॲपवर "रेट काय?" येतं, आपण रिप्लाय देतो, ब्ल्यू टिक होते आणि माणूस गायब. कॅटलॉगची पीडीएफ पाठवली, डिस्काउंट दिला, रोज फॉलोअप केला, तर काहींनी ब्लॉकच केलं. जाम वैताग आलेला.

शेवटी जे चाललं ते ह्याच क्रमाने करा. पहिल्याच मेसेजमध्ये आकडा द्या, "साइट बघून सांगतो" नको, त्याने समोरच्याला वाटतं हा खिसा बघून रेट लावणार. कमीत कमी ते जास्तीत जास्त अशी रेंज, जीएसटी धरून की सोडून, आणि फरक कशाने पडतो ते एका ओळीत, म्हणजे प्लाय साधा की पाण्याला टिकणारा ७१० ग्रेडचा, ट्रॉल्या किती, त्यांचे चॅनल (ज्यावर ट्रॉली सरकते) सॉफ्ट क्लोज म्हणजे हळूच बंद होणारे का साधे. मग एकच प्रश्न: "ओटा सरळ आहे का एल आकाराचा, अंदाजे किती फूट?" बजेट विचारलं की लोक बिचकतात, ओट्याचं माप मात्र कुणीही सांगतं. उत्तर आलं की ओट्याचा फोटो मागवा. फोटो आल्यावरच "कॉल कधी करू?" विचारा, डायरेक्ट फोन लावू नका. कॉलवर आधी त्यांना बोलू द्या, आत्ताच्या किचनमध्ये काय त्रास आहे (सिंकखालचा प्लाय फुगलाय हे हमखास निघतं), कोटेशन त्यावरूनच बनवा. नंतर फॉलोअप एकच: "दुसरीकडे ठरलं असेल तरी कळवा, चालेल." ह्याला लोक खरंच उत्तर देतात.

पहिला मेसेज व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये सेव्ह करा, स्लॅश टाकला की येतो, फक्त पाठवायच्या आधी कस्टमरचं नाव टाका.